विदर्भातल्या खेड्यावर प्रेम, चुरस आणि लग्नाचा सिनेमा लिहिताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं गाव वर्धा जिल्ह्यात, कापसाच्या पट्ट्यात. गावाकडची प्रेमकथा लिहिणारी मंडळी संवाद वऱ्हाडीत बसवून घ्यायला आणि लग्नाच्या प्रसंगातल्या चुका काढून घ्यायला माझ्याकडे येतात. फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे. पुढची बहुतेक उत्तरं एका गोष्टीवर उभी आहेत, ती आधीच सांगतो. आमच्याकडे लग्न ठरतं, मोडतं, लांबतं ते पिकाकडे बघून. त्यामुळे कथेचं घड्याळ कॉलेजच्या गॅदरिंगवर लावू नका, वावरात लावा.

प्रेम आणि लग्न कुठल्याही गावात होतं. मग पिकाचं एवढं काय?

एका वर्षाचा हिशेब मांडून बघा. मृग लागला की पेरणी. पाऊस पडला आणि मग पंधरा दिवस दडी मारून बसला की दुबार पेरणी. सरकीच्या पिशव्या पुन्हा घ्यायच्या, म्हणजे कृषी केंद्रात उधारी वाढली. घरात उपवर मुलगी असेल तर त्याच आठवड्यात माय म्हणते, "अमदा नाही होत बाप्पा, पुढच्या साली पाहू." या एका वाक्यात तुमच्या नायिकेला एक वर्ष मिळालं, किंवा तिचं एक वर्ष गेलं. सिनेमा कुठल्या बाजूने बघतो त्यावर ते आहे.

श्रावण अमावास्येला पोळा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटतात, पहिल्या वेचणीला वावरात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि बाया ओटीत कापूस वेचायला लागतात. मग घरात कापसाची गंजी लागते. ज्यांच्याकडे वेगळी खोली नाही त्यांच्या झोपायच्या जागेतच ती लागते. व्यापारी गाडी घेऊन दारात येतो, त्याला खेडा खरेदी म्हणतात. तो काटा लावतो, भाव पाडून मागतो, आणि बाप विचारात पडतो: आज विकावा की थांबावा? २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे दहा क्विंटल कापूस झाला तर हातात पाऊण लाख. त्यातून वेचणीची मजुरी, खत, औषध आणि जुनी उधारी वजा करा. जे उरेल त्यात मांडव टाकायचा आहे.

आता सांगा, पाहुणे मुलगी बघायला कधी येतील? तुळशीचं लग्न झाल्यावर मुहूर्त निघतात हे खरं, पण बाप "या" म्हणतो तो कापूस घरात आल्यावर. तूर निघाली की बोलणी पक्की होतात. पाडव्याला सालगड्याचं साल संपतं आणि नवं ठरतं. नायक सालगड्याचा मुलगा असेल तर हा दिवस त्याच्यासाठी लग्नाच्या मुहूर्ताएवढा मोठा आहे, कारण मालक बदलला तर गाव बदलू शकतं. मग एप्रिल-मे महिन्यात, मातीला चटके असताना, लग्नं लागतात.

एवढं हाताशी असताना पटकथेत "तीन महिन्यांनंतर" अशी पाटी बघितली की मला वाईट वाटतं. तीन महिन्यांत वावराचा रंग बदलतो. तोच दाखवा, पाटी लागणार नाही.

विदर्भ म्हणजे नेमका कुठला भाग धरायचा?

अकरा जिल्हे आहेत. अमरावती विभागात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम. नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. पश्चिमेला कापूस, तूर, सोयाबीन. पूर्वेला धान आणि तलाव. भंडाऱ्याच्या गावात नायिका कापूस वेचताना दाखवली तर तिथला प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांतच तुमच्यावरचा विश्वास सोडतो. तिथे रोवणी दाखवा. चिखलात ओणवं होऊन रांगेने धान लावणाऱ्या बायांची गाणी तिथली आहेत. आधी जिल्हा ठरवा, मग तालुका, मग पीक. नायकाचं नाव नंतर.

खाली मी लिहितो ते मुख्यतः कापूसपट्ट्याबद्दल, कारण माझा जन्म त्यात गेला.

संवाद वऱ्हाडीत हवेत. "ला" चा "ले" केला की झालं का?

नाही. पण "मले, तुले, त्याले" हे बरोबर आहे, तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

बोलीचा खरा कणा क्रियापदात आहे. चालू असलेली क्रिया आम्ही "राहणे" लावून सांगतो: "तो येऊन राह्यला", "काहून रडून राह्यली?" पुढे करायची गोष्ट सांगताना "येजो", "जाजो", "सांगजो" म्हणतो. "कशाला" नाही, "कायले". "का" नाही, "काहून". "या वर्षी" नाही, "अमदा". "ळ" चा "य" होतो: डोया, शाया, काया. "ण" चा "न": पानी, लोनी. मुलगा म्हणजे पोट्टा, मुलगी म्हणजे पोट्टी, आणि यात शिवी नाही. बापाचा उल्लेख मित्रांत "आमचा बुढा" असा होतो, यातही अपमान नाही. पण तोंडावर तो "बाबा"च असतो. आजोबा म्हणजे "आबाजी". व्याही म्हणजे "इवाई", विहीण म्हणजे "इहीन". जावई म्हणजे "जवाई", आणि जवाई कितीही लहान असला तरी सासरा त्याला "अरे" म्हणत नाही.

दुसरी चूक जास्त खटकते. २०१६ साली 'सैराट' आला आणि गावाकडची प्रेमकथा म्हटलं की सगळ्यांच्या कानात तीच बोली बसली. ती करमाळ्याकडची आहे. तिचा जोर वेगळा, हेल वेगळा. आमची बोली आवाज चढवत नाही, ती शेवटचा स्वर लांबवते. राग आला तर माणूस हळू बोलतो. "धुऱ्यावर भेटजो", म्हणजे वावराच्या बांधावर भेट, हे वाक्य अगदी शांत स्वरात म्हटलं की आमच्याकडे समोरचा घाबरतो.

प्रेमाच्या कबुलीबद्दल वेगळं सांगतो. "तू मला आवडतेस" असं कुणी म्हणत नाही. एका पटकथेत हे वाक्य पानभर सजवून लिहिलेलं होतं. मी ते काढून तिच्या तोंडी एवढंच दिलं: "उद्या आमच्याच वावरात येजो वेचाले." दिग्दर्शकाला आधी ते कोरडं वाटलं. पण वेचणीच्या दिवसांत मजुराची ओढाताण असते, दुसरीकडे जास्त मजुरी मिळत असते, आणि तरी ती "आमच्याच" म्हणते. वाचनाला गावातल्या दोन बाया बसल्या होत्या. त्या वाक्याला दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग ते वाक्य राहिलं.

नायकाचा प्रतिस्पर्धी कसा असावा? पाटलाचा मुलगा, जीप, चार साथीदार?

तो साचा सोडा, मनापासून सांगतो. गावातली चुरस परक्याशी होत नाही. ज्याच्याशी रोज भेट होते, ज्याच्या वावराला आपला धुरा लागून आहे, ज्याच्या मायनं आपल्या बहिणीच्या बाळंतपणात रात्र जागून काढली, त्याच्याशी होते. म्हणून ती जीवघेणी असते.

तीन शक्यता देतो, तिन्ही आमच्याकडच्या आहेत.

पहिली आतेभावाची. अनेक समाजांत मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा हक्क धरतात. मुलगी पाळण्यात असतानाच आत्या म्हणून जाते, "ही माझी." वीस वर्षं ते वाक्य घरात वावरतं. मुलीला दुसरा आवडला तर तिचा नकार एका मुलाला नसतो, बापाच्या सख्ख्या बहिणीला असतो. राखीला आत्या येणार की नाही, हा तुमच्या सिनेमाचा मोठा प्रसंग होऊ शकतो. आणि तो आतेभाऊ वाईट मुलगा नसला तर आणखी चांगलं. त्याला लहानपणापासून सांगितलेलं आहे की ती तुझी, त्याने दुसरीकडे कधी बघितलंच नाही.

दुसरी साट्यालोट्याची. या घरची मुलगी त्या घरी आणि त्या घरची या घरी. खर्च वाचतो, देणंघेणं फिटतं. यात एका जोडीने नाही म्हटलं तर दुसरी जोडी मोडते. नायिकेने आपलं प्रेम धरलं तर तिच्या भावाचं लग्न जातं. इथे खलनायकाची गरजच उरत नाही.

तिसरी धुऱ्याची. शेजारच्याने नांगरताना दरसाली एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, इकडे सरकवला, दहा वर्षांत धुरा हातभर आत आला. मोजणी झाली, भांडण तहसीलपर्यंत गेलं. आणि त्याच घरातली मुलगी आवडली. इथे कुणाच्याच तोंडी जातीचा किंवा श्रीमंतीचा शब्द नाही, तरी लग्न अशक्य आहे.

लहानपणी बघितलेलं एक दृश्य सांगतो, ते अजून डोळ्यांपुढे आहे. लग्न लागून गेलं होतं, पंगत बसली होती. नवरीसाठी ज्या मुलाचं नाव वर्षभर घेतलं जात होतं, तोच बुंदीचं घमेलं घेऊन वाढायला आला. गावचं लग्न आहे, वाढायला गावचीच पोरं असतात, त्याला कुणी थांबवलं नाही. तो एकेका पत्रावळीवर वाढत नवरदेवापर्यंत आला. नवरदेवाने पुरे म्हणून पत्रावळीवर हात आडवा धरला. त्याने थोडं थांबून त्या हाताच्या बाजूने मूठभर बुंदी टाकली, आणि पुढच्या पानाकडे गेला. पंगतीत सगळ्यांनी बघितलं. कुणी बोललं नाही. नवरदेवाने ती बुंदी सगळी खाल्ली.

असा प्रसंग मिळाला तर मारामारीचा खर्च वाचवा.

पण चुरस डोळ्यांना दिसली पाहिजे. मोठा, गर्दीचा प्रसंग कुठला घ्यावा?

पोळा घ्या. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात आणि बैलाच्या कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी बैल सजवून गावाच्या आखरावर, म्हणजे मोकळ्या जागेत, तोरणाखाली उभे करतात. पहिला मान कुणाच्या जोडीचा, यावर गावं वर्षानुवर्षं धुमसतात. तोरण तुटायच्या आधी झडत्या होतात. एकाने चार ओळींची झडती म्हणायची, शेवटी "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव" म्हणून जयघोष करायचा, मग दुसऱ्याने उत्तर द्यायचं. सरकारवर, भावावर, सावकारावर, एकमेकांवर. जे बाकी वर्षभर तोंडावर बोलता येत नाही ते झडतीत बोलता येतं, आणि ऐकणाऱ्याने राग धरायचा नसतो.

तुमच्या नायकाला आणि प्रतिस्पर्ध्याला इथे समोरासमोर आणा. नाव न घेता त्या मुलीचा विषय झडतीत येऊ द्या. बायका लांब ओट्यावर उभ्या असतात, त्यांच्यात ती असते. तिला कळतं, तिच्या मायला कळतं, बापाला शेवटी कळतं. झडत्या मात्र नव्या लिहा, किंवा गावातल्या म्हाताऱ्याकडून लिहवून घ्या आणि त्याला श्रेय आणि पैसे दोन्ही द्या. संध्याकाळी बैल घरोघर नेतात, बैलाचे पाय धुतात, गड्याला बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, देतात. प्रतिस्पर्ध्याचा बैल तिच्या दारात येतो आणि ओवाळायला तीच येते, हा प्रसंग रीतीनेच तुमच्या हातात दिलेला आहे.

शंकरपट दाखवता येईल का?

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. कथेत जरूर घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट दूरवर माहीत आहे. आमच्याकडे पटात बैलजोडी सेकंदांवर मोजतात, आणि सेकंदाच्या छोट्याशा हिश्शाने जोडी मागे पडते. जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचं नाव गावोगाव होतं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातल्यावर पट थांबले. १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. म्हणजे तुमची कथा २०१४ ते २०२१ च्या दरम्यान घडत असेल तर पटाचा प्रसंग घालू नका. उलट बंद पडलेला पट, गोठ्यात नुसता उभा असलेला पटाचा बैल आणि त्याला विकायचा की नाही यावरून बापलेकांत झालेला वाद, हे त्या वर्षांचं खरं चित्र आहे.

चित्रीकरण ही निराळी बाब. सिनेमात कुठलाही प्राणी वापरायचा तर भारतीय पशुकल्याण मंडळाची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि बैलाच्या बाबतीत नियम जास्त कडक आहेत. शूटिंग ठरवायच्या आधी जाणकार माणसाकडून कागद तपासून घ्या. परवानगी मिळणं अवघड दिसलं तर पट आवाजावर दाखवा: धुरळा, आरोळी, घड्याळाकडे बघणारे चेहरे. ज्याचा बैल पळतो आहे त्याच्या बापाचा चेहरा बैलापेक्षा जास्त सांगतो.

लग्नाचे विधी बरोबर कसे दाखवायचे?

शब्दांपासून सुरुवात करू. साखरपुड्याला आमच्याकडे साक्षगंध म्हणतात. केळवणाला गडंगनेर. वऱ्हाड उतरतं त्या जागेला जानोसा. हे तीन शब्द पात्रांच्या तोंडी आले की अर्धं काम होतं.

साक्षगंधाला लग्नाएवढीच गर्दी असते आणि नाट्याच्या दृष्टीने तो प्रसंग लग्नापेक्षा वजनदार आहे. तिथे शब्द दिला जातो. लग्न मोडलं यापेक्षा साक्षगंध झालेलं मोडलं याची चर्चा जास्त होते, कारण मोडणाऱ्याने चारचौघांसमोर दिलेला शब्द फिरवलेला असतो.

मांडवाच्या दिवशी भाऊबंदकी डहाळे आणते. कोण आलं नाही, हे बाप मनात मोजत असतो. ज्याच्याशी धुऱ्याचं भांडण आहे तो भाऊ डहाळा घेऊन येतो का, हा प्रसंग संवादाशिवाय उभा राहतो. हळद, रुखवत, आहेर या गोष्टी बहुतेक लेखकांना माहीत असतात. आहेर पुकारतात आणि वहीत लिहून ठेवतात हे मात्र पुष्कळदा सुटतं. ती वही जपून ठेवतात, कारण त्यांच्या घरच्या लग्नात तेवढं परत करायचं असतं. नवरीच्या घरी ती वही दहा वर्षांनीसुद्धा सापडते. प्रतिस्पर्ध्याने काय आहेर दिला हे त्यात लिहिलेलं असतं.

वाजंत्र्यात आता धुमाल आहे, डीजे आहे, जुन्या काळी डफडं आणि सनई. जेवणात आलू-वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात, बुंदी, मठ्ठा. टेबलाशी उभं राहून जेवण गावातही आलं आहे, पण कथेत पंगत ठेवा. पंगतीत माणसं एका ओळीत, एकाच उंचीवर बसतात आणि वाढणारा उभा असतो. कॅमेऱ्याला याहून चांगलं काय हवं?

सगळ्या घरांत हीच पद्धत असते का?

अजिबात नाही, आणि हे विसरलात तर विदर्भच चुकला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली. आमच्या गावागावांत बौद्ध वस्ती आहे. तिथे त्रिशरण-पंचशील म्हणून, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, पांढऱ्या वस्त्रांत लग्न लागतं. अंतरपाट नाही, होम नाही. पात्र बौद्ध असेल आणि पडद्यावर मंगलाष्टकं वाजली तर ती चूक फार लागते. गोंड, कोलाम, कोरकू समाजांच्या रीती आणखी वेगळ्या आहेत. त्यातलं काही दाखवायचं असेल तर त्या गावात जाऊन बसा, त्यांच्यातल्याच माणसाला सल्लागार घ्या, माझ्यासारख्याला नको.

गुरुदेव सेवा मंडळाच्या घरांत साधेपणाचा आग्रह असतो. तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी अमरावती जिल्ह्यातच आहे आणि कित्येक गावांत संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. नायिकेचे आबाजी अशा प्रार्थनेला जाणारे असतील तर खर्चिक लग्नाला घरातूनच विरोध उभा राहतो. हे पात्र मला अजून कुठल्या पटकथेत भेटलं नाही, कुणीतरी लिहावं असं फार वाटतं.

दोघं पळून जातात आणि त्याच दिवशी कोर्टात लग्न करतात, हे चालेल का?

चालणार नाही. विशेष विवाह कायदा १९५४ चा. त्यात विवाह अधिकाऱ्याला आधी नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं, नोटीस लागल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार हवेत. मुलीचं वय १८, मुलाचं २१ पूर्ण हवं. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे. त्याखाली रीतीप्रमाणे विधी करून मग नोंदणी करता येते, ते लवकर होतं.

पण मी तर म्हणेन, ते तीस दिवसच वापरा. नोटीस कार्यालयाच्या फळ्यावर लागते. गावातला कुणीतरी सातबाऱ्याच्या कामाने तालुक्याला येतो आणि वाचतो. तीस दिवस दोघं कुठे राहिले, पैसे किती होते, कोण साक्षीदार म्हणून यायला तयार झाला आणि कोण ऐन दिवशी आला नाही, यात अख्खा उत्तरार्ध आहे. प्रतिस्पर्धी आतेभाऊ तिसरा साक्षीदार म्हणून उभा राहिला तर?

जीवाला धोका असलेल्या जोडप्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सुरक्षित निवारा आणि जिल्ह्याला विशेष कक्ष ठेवायचे निर्देश दिले आहेत. तुमच्या पात्रांनी तिथे मदत मागितली असं दाखवलंत तर बघणाऱ्या एखाद्या मुलीला ती वाट कळेल. नायिका अल्पवयीन असेल तर ती प्रेमकथा म्हणून लिहूच नका. महाराष्ट्रात ग्रामीण भागात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. असं लग्न थांबवणारी ग्रामसेविका हे पूर्ण उंचीचं पात्र आहे.

हुंड्याचा प्रसंग आजही खरा वाटेल?

वाटेल, शब्द बदलले आहेत एवढंच. हुंडाबंदी १९६१ पासून आहे, त्यामुळे "हुंडा" कुणी म्हणत नाही. "आमचं काही मागणं नाही, तुमच्या पोरीले जे द्यायचं ते द्या" असं म्हणतात. मग शांतता होते. त्या शांततेत बाप मनातल्या मनात क्विंटल मोजतो. ती शांतता कापू नका.

नायिकेचं काम काय दाखवावं?

वेचणी, निंदण, बचत गट, कृषी केंद्रातली नोकरी, नर्सिंगचा कोर्स, पोलीस भरतीची पहाटेची धाव. यातलं एक निवडा आणि ते तिला नीट करता येतं असं दाखवा. वेचणाऱ्या बाईची बोटं बोंडाच्या टोकांनी फाटलेली असतात. मेंदीचा प्रसंग कराल तेव्हा ती बोटं मेकअपने गुळगुळीत करू नका.

कथेत झाडीपट्टीचं नाटक घालता येईल का?

कथा पूर्वेकडे घडत असेल तर फार छान. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागाला झाडीपट्टी म्हणतात. तिथे दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावच्या जत्रांचा, मोसम सुरू होतो आणि वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे नाटक मंडळ्यांचं केंद्र आहे. रात्री दहाच्या सुमारास नाटक सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. गावोगावचे पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात. याच दिवसांत उपवर मुलंमुली एकमेकांच्या नजरेला पडतात आणि सोयरिकीचं बोलणं निघतं. झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं नाव बाहेर बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं. त्या प्रेक्षकांना प्रेम, चुरस आणि लग्न यांच्या कथा नव्या नाहीत, ते अशा गोष्टी रात्रभर बसून बघत आले आहेत. त्यांना फसवणं सोपं नाही.

विदर्भ आहे म्हणजे शेतकऱ्याची आत्महत्या दाखवावीच लागेल का?

नाही. माझी हात जोडून विनंती आहे, नायिकेचं लग्न अडवायला किंवा प्रेक्षकाला रडवायला बापाचा जीव घेऊ नका. ज्या घरात हे घडलं आहे ती माणसंही सिनेमा बघायला येतात. कथा त्याबद्दलचीच असेल तर पूर्ण जबाबदारीने लिहा: कर्ज कुणाचं, मागे उरलेल्या बाईच्या नावावर सातबारा झाला का, मुलीच्या सोयरिकीत लोक काय विचारतात. हंगामात याखेरीज इतर संकटंही आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने बोंडं आतून खाल्ली. वरून हिरवंगार वावर, फोडलं की किडकं बोंड, हे दृश्य मी स्वतःच्या हातांनी अनुभवलं आहे. मे महिन्यातल्या लग्नाची तारीख आमच्या घरात त्या बोंडाकडे बघून पुढे गेली होती.

शूटिंग कधी ठेवावं?

कथेत फुटलेला कापूस असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात या. एकदा एक युनिट मे महिन्यात आलं आणि पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळल्या काड्यांना दुकानातला कापूस चिकटवून वेचणी शूट केली. मी नको म्हटलं होतं. गावात तो तुकडा मोबाइलवर दाखवला तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "हे बोंड कोन्या झाडाचं?" लग्नाचा भाग उन्हाळ्यातच करा, पण पहाटे आणि संध्याकाळी. अकोला, वर्धा, चंद्रपूर भागात पारा ४५ च्या वर जातो. दुपारी गर्दीतल्या माणसांना उभं ठेवू नका, पाणी आणि सावलीचा बंदोबस्त आधी करा. वेचणीच्या दिवसांत गावकऱ्यांना गर्दी म्हणून बोलावलंत तर निदान वेचणीच्या मजुरीएवढे पैसे द्या, त्यांचा दिवस बुडतो.

पटकथा चोरीला जाईल अशी भीती वाटते. आणि प्रमाणपत्राचं काय?

कल्पनेवर कॉपीराइट नसतो, लिहून काढलेल्या मजकुरावर असतो. म्हणून तोंडी ऐकवण्याआधी लिहून काढा आणि मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंद करा. प्रदर्शनासाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. आता 'यूए' चे ७+, १३+ आणि १६+ असे भाग आहेत. सगळ्या घराने एकत्र बघावा अशी इच्छा असेल तर हे लिहितानाच डोक्यात ठेवा.

गावात घडलेली खरी गोष्ट आहे. नावं बदलून वापरली तर चालेल ना?

नाव बदललं तरी गाव ओळखतं. विहिरीचं ठिकाण, बापाचा लंगडा पाय, लग्न मोडलं ती तिथी, एवढ्यावरून लोक सांगतात की ही अमक्याची पोट्टी. ती आता दुसऱ्या गावात नांदते आहे, तिच्या सासरी हा सिनेमा लागणार आहे. तिला आधी जाऊन भेटा, एकटे जाऊ नका, घरातली एखादी बाई सोबत न्या. गोष्ट तिला पूर्ण सांगा, शेवटासकट. लेखी संमती घ्या. ती नाही म्हणाली तर ती गोष्ट ठेवून द्या आणि आतेभावाची, धुऱ्याची किंवा आहेराच्या वहीची नवी गोष्ट लिहायला घ्या. संवाद लिहायला मला हाक मारा. वेचणीचे दोन महिने सोडून मी मोकळाच असतो.